वाचकांचे प्रश्न : अडलेल्या पाण्यातले प्लवक

या महिन्यात सदराकडे आलेली बरीच पत्रे कृष्णा, कोयना आणि वारणा या नद्यांच्या पाण्याविषयी आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा रोख धरणे व बंधारे यांच्याकडे आहे. त्यामुळे एका विषयाचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे न देता गावे तेवढी दिली आहेत.

प्रश्न : आमची शेती नदीकाठी आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी तांबडे, गढूळ असते. दिवाळीनंतर ते निवळते. मात्र बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातले की फेब्रुवारी-मार्चपासून त्याला हिरवी झाक येऊ लागते आणि मे महिन्यात तर बादलीत काढलेले पाणीसुद्धा हिरवट दिसते. हा हिरवेपणा धरणातून सोडलेल्या पाण्याबरोबर येतो की येथेच तयार होतो? (भिलवडी, ता. पलूस)

उत्तर : मुख्यतः तेथेच तयार होतो. तो कसा तयार होतो हे एकदा लक्षात आले की पुढच्या काही प्रश्नांचा उलगडा आपोआप होईल, म्हणून या पत्राला थोडी अधिक जागा देत आहे.

पाण्याला हिरवा रंग येतो तो पाण्यात तरंगणाऱ्या, नुसत्या डोळ्यांना सुट्या न दिसणाऱ्या वनस्पतींमुळे. त्यांना वनस्पतिप्लवक म्हणतात. सिलिकेच्या काचेसारख्या कवचात राहणारे डायाटम, हिरवी शैवाले आणि नील-हरित शैवाले (जी वस्तुतः जीवाणूंच्या कुळातली आहेत) हे त्यांतले मुख्य गट होत. त्यांच्यावर आणि एकमेकांवर जगणारे रोटिफर, जलपिसवा, कोपेपॉड हे प्राणिप्लवक. यांपैकी कोणालाही प्रवाहाविरुद्ध पोहून आपली जागा टिकवता येत नाही. पाणी नेईल तिकडे त्यांना जावे लागते. म्हणूनच वाहत्या नदीत टिकून राहायचे तर खाली वाहून जाण्याच्या आत संख्या वाढवणे एवढा एकच मार्ग त्यांच्यापुढे असतो आणि नदीच्या एखाद्या टप्प्यात प्लवक किती असतील हे सर्वांत आधी तेथे पाणी किती दिवस राहते यावर ठरते.

हिशेब करून पाहू. पाणी सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने वाहत असेल तर ते दिवसाला सुमारे ४३ किलोमीटर जाते. कराडपासून सांगलीपर्यंतचे अंतर नदीच्या वळणांसह १०० किलोमीटर धरले, तर ते पाणी अडीच दिवसांच्या आतच सांगलीत पोहोचते. जलद वाढणारा डायाटम अनुकूल तापमानात साधारण दिवसाकाठी दुप्पट होतो. म्हणजे या प्रवासात त्याची संख्या फार तर पाचपट होईल. आता याच टप्प्यात एकापाठोपाठ एक बंधारे आहेत, त्यांना बरगे घातलेले आहेत आणि पाण्याचा सरासरी वेग एक दशांशावर आला आहे असे समजा. तेच अंतर कापायला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागेल आणि एकवीस वेळा दुप्पट झालेली संख्या कागदावर मूळच्या वीस लाख पटींवर जाईल. प्रत्यक्षात तसे कधी घडत नाही, कारण खाद्य संपते, दाटी झाल्यावर वरच्या पेशींची सावली खालच्यांवर पडते, जड डायाटम तळाशी बसतात आणि प्राणिप्लवक भराभर चरू लागतात. पण पाण्याचा रंग बदलायला वीस लाख पटींची गरजही नसते.

पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, प्रवाह वेगवान असतो आणि गाळामुळे सूर्यप्रकाश पाण्यात फारसा उतरत नाही; त्यामुळे वर्षातले सर्वांत कमी प्लवक त्या काळात आढळतात. दिवाळीनंतर पाणी निवळून प्रकाश मिळू लागतो, पण थोडाफार प्रवाह असतो. त्या दिवसांत बहुधा डायाटमांचे राज्य असते आणि पाणी हिरवे न दिसता किंचित तपकिरी छटेचे दिसते. उन्हाळ्यात फुगवट्यातले, म्हणजे बंधाऱ्यामागे साचलेले पाणी तापते, संथ होते आणि मग हिरव्या व नील-हरित शैवालांची सरशी होते.

येथे एक शंका कोणीही काढील. कोयनेच्या शिवसागर जलाशयात पाणी कित्येक महिने राहते, मग ते सर्वांत हिरवे का नसते? पाणी थांबल्याने प्लवकांना वेळ मिळतो, खाद्य मिळत नाही. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या जंगलांतून येते आणि त्यात नायट्रेट व फॉस्फेट मुळातच कमी असते. कराडच्या खाली मात्र दोन्ही काठांना उसाचे पट्टे आहेत, त्यांतून निचरा होऊन येणारे खत आहे आणि गावोगावचे सांडपाणीही आहे. धरणापेक्षा पुष्कळ बुटका असलेला केटी (कोल्हापूर पद्धतीचा, बरग्यांचा) बंधारा पाण्याच्या रंगावर अधिक ठळक परिणाम करतो तो यामुळे. सर्वसाधारण चर्चेत सगळा दोष मोठ्या धरणाच्या माथी मारला जातो. प्लवकांच्या बाबतीत तरी मला ते योग्य वाटत नाही.

प्रश्न : मे महिन्यात धोम धरणाच्या वर जलाशयाच्या काठचे पाणी कोमट असते, पण आवर्तन (सिंचनासाठी ठरावीक काळाने सोडायचे पाणी) सुटले की खाली नदीत पाय घातल्यावर पाणी गार लागते. एकाच धरणाच्या पाण्यात एवढा फरक कसा आणि खालच्या जिवांना तो मानवतो का? (वाई)

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचा थर उन्हाने तापून हलका होतो आणि खालच्या थंड, जड पाण्यावर तरंगत राहतो. वाऱ्याने घुसळले जाते ते वरचेच पाणी. थंड प्रदेशातल्या तळ्यांच्या तुलनेत आपल्याकडे वरच्या आणि खालच्या पाण्याच्या तापमानातला फरक थोड्याच अंशांचा असतो, तरीही थर पक्के राहतात. याचे कारण असे की पाण्याची घनता तापमानाच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. २९ आणि ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यातला घनतेचा फरक ४ आणि ५ अंशांच्या पाण्यातल्या फरकाच्या तीस पटींहून अधिक असतो. हिवाळ्यात वरचे पाणी गार झाले की थर मोडतात आणि पाणी पुन्हा एकजीव होते.

थर असतात त्या काळात प्लवकांचे जगही दुभंगते. वरच्या उजेडाच्या थरात वनस्पतिप्लवक वाढतात, प्राणवायू सोडतात, मरतात आणि खाली पडतात. खालच्या अंधाऱ्या थरात ते कुजताना प्राणवायू खर्ची पडतो आणि तो भरून येण्याची सोय नसते, कारण वरचे पाणी खाली पोहोचत नाही. प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने बांधून ठेवलेले फॉस्फेट सुटे होऊन पाण्यात उतरते, तर काही ठिकाणी सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो.

आता पाणी कोणत्या उंचीवरून सोडले जाते यावर खालच्या नदीचे बरेच काही अवलंबून राहते. सांडव्यावरून पडणारे पाणी वरच्या थरातले, कोमट, प्राणवायूने भरलेले आणि प्लवकांनी गजबजलेले असते. तळाकडच्या दारातून येणारे पाणी गार असते, त्यात तरंगते जीव थोडे असतात, पण विरघळलेली खनिजे भरपूर असतात. कोयनेच्या पायथा वीजगृहातून पूर्वेकडे जे पाणी सुटते (२,१०० क्युसेक हा आकडा आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो) त्याचा हंगाम, वेळ आणि प्रमाण वीज व सिंचन यांच्या गरजेवर ठरते. नदीच्या मूळ ऋतुचक्राशी त्याचा संबंध राहत नाही.

जलाशयातून जे प्लवक खाली येतात त्यांचे आयुष्य नदीत फार नसते. जलपिसवा आणि कोपेपॉड हे संथ पाण्याचे प्राणी आहेत. त्यांना एक पिढी पुरी करायला, आपल्याकडच्या उष्ण पाण्यातही, एक ते काही आठवडे लागतात आणि तेवढी उसंत प्रवाह देत नाही. शिवाय त्यांची वाट पाहणारे बरेच असतात. धरणाखाली खळाळत्या भागातला एखादा दगड उचलून उलटा करून पाहा. त्याच्या खाचेत कॅडिस माशीच्या अळ्यांनी विणलेली, नखाएवढी, तलम जाळी आढळतील. प्रवाहाकडे तोंड करून लावलेल्या या जाळ्यांत वाहून येणारे प्लवक अडकतात आणि अळी ते वेचून खाते. मासे आहेत, पाणवनस्पतींत अडकून पडणे आहे. त्यामुळे जलाशयातले मोठे प्राणिप्लवक काही किलोमीटरांतच विरळ होतात आणि पुढे रोटिफरांसारखे, थोड्या दिवसांत पिढी उरकणारे जीव पुन्हा बहुसंख्य होतात. नदी अशा रीतीने धरणाखाली काही अंतरावर आपल्या मूळ स्वभावावर येते, हा विचार वॉर्ड आणि स्टॅनफर्ड या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडला. मात्र पूर्ववत होण्यासाठी नदीला मोकळे वाहते अंतर मिळावे लागते. कृष्णेवर धोमच्या वर बलकवडी आहे, कराडजवळ ब्रिटिश अमलातला खोडशीचा बंधारा आणि टेंभूचा बॅरेज आहे, त्याखाली म्हैसाळपर्यंत बंधाऱ्यांची मालिकाच आहे. एकातून सावरावे तोवर पुढचा फुगवटा लागतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यातील धरण नवे होते तेव्हा जलाशयात मासा चांगला फोफावायचा, आता बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्ले) सोडूनही तेवढे उत्पादन मिळत नाही. याचा प्लवकांशी संबंध आहे काय? (मेढा, ता. जावळी)

उत्तर : आहे. नवे धरण भरते तेव्हा पाण्याखाली गेलेली शेते, झाडोरा आणि माती यांतून पहिली काही वर्षे पाण्याला भरपूर खाद्य मिळते, प्लवक माजतात आणि त्यामागोमाग मासाही वाढतो. हा साठा संपला की उत्पादन उतरते आणि पुढे खालच्याच पातळीवर स्थिरावते. हे जगभरच्या जलाशयांत घडते, त्यामुळे आरंभीच्या वर्षांशी तुलना करणे बरोबर ठरणार नाही.

बोटुकली सोडताना जलाशयात खाद्य कोणत्या प्रकारचे आहे हे पाहिले जावे. कटला पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक खातो, रोहू मधल्या थरात वनस्पतिजन्य खाद्यावर राहतो आणि मृगळ तळाचा कुजका पाला-गाळ खातो. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले) मात्र कोणत्याही जातीचे असोत, त्यांचा पहिला घास रोटिफरांसारखा बारीकच असावा लागतो. ज्या जलाशयाची पातळी सिंचनासाठी उन्हाळ्यात झपाट्याने उतरते, तेथे काठालगतचा उथळ, वनस्पतींचा पट्टा उघडा पडून वाळतो आणि तेथे आसरा घेणारे प्राणिप्लवक व पिल्ले या दोघांचीही पंचाईत होते. एवढे कारणसुद्धा उत्पादन घटायला पुरेसे आहे.

प्रश्न : घाटाजवळ काही दिवस पाण्यावर हिरव्या रंगाची साय आली होती. असे पाणी उकळून प्यायले तर चालते का? (सांगली)

उत्तर : चालत नाही, आणि याबाबतीत उत्तर निःसंदिग्धच दिले पाहिजे. तेलरंग सांडल्यासारखी हिरवी साय बहुधा मायक्रोसिस्टिस आणि त्याच्या जातभाईंची, म्हणजे नील-हरित शैवालांची असते. त्यांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात, त्यामुळे वारा पडल्यावर ती वर येऊन काठाला जमतात. यांतील काही प्रकार यकृताला घातक असे विष तयार करतात आणि ते उकळल्याने नष्ट होत नाही. उलट पेशी फुटून विष पाण्यात उतरते. क्लोरीनही साय असतानाच टाकले तर पेशी फोडते. शुद्धीकरण केंद्रात म्हणून आधी तुरटीने अख्ख्या पेशी खाली बसवून बाजूला काढणे आणि नंतर निर्जंतुकीकरण करणे हा क्रम महत्त्वाचा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकाळ पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. यावरून त्याची तीव्रता कळेल. प्रत्येक साय विषारीच असते असे नाही, पण नुसते पाहून ते कोणालाही सांगता येणार नाही. जनावरांनाही तेथे पाणी पाजू नये.

साय कशाची आहे हे घरी ढोबळमानाने ओळखता येते. हातमोजे घालून काचेच्या बरणीत पाणी भरावे आणि न हलवता रात्रभर ठेवावे. सकाळी हिरवा थर वर जमलेला असेल तर नील-हरित शैवालाचा दाट संशय घ्यावा. हिरवा गाळ तळाशी बसला असेल तर इतर शैवाल असण्याची शक्यता अधिक. काडीने उचलल्यावर लांब केसांसारखे धागे लोंबले तर ते धाग्याचे शेवाळ, त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. सांगलीपुरते बोलायचे तर शेरी नाल्याचे सांडपाणी आणि बंधाऱ्याचा फुगवटा एकत्र येतात तेथे अशी साय येणे अनपेक्षित नाही. जलपर्णीने पात्र झाकले गेले तर प्रकाश न मिळाल्याने वनस्पतिप्लवक कमी होतात आणि साय दिसत नाही, पण त्यावरून पाणी सुधारले असे समजू नये.

प्रश्न : उन्हाळ्याच्या शेवटी काही दिवस पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात, कधी मरून किनाऱ्याला लागतात. गावात सगळे कारखान्याच्या मळीला दोष देतात. बंधाऱ्यातल्या शेवाळानेसुद्धा असे होऊ शकते का? (ता. वाळवा)

उत्तर : होऊ शकते, आणि दोन्ही कारणे एकाच वेळी असू शकतात. वनस्पतिप्लवक दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री इतर सर्व जिवांप्रमाणे तो वापरतात. तीस अंशाच्या पाण्यात मुळातच लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. शेवाळ दाट असेल तर दुपारी तो याहून वर जातो आणि पहाटे दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत, कधी त्याच्याही खाली उतरतो. माशांना त्रास सुरू होतो तो याच पातळीला. ढगाळ हवा दोन-चार दिवस टिकली किंवा वळवाच्या पावसाने डोहाच्या तळाचे प्राणवायूरहित पाणी वर घुसळले गेले तर एका रात्रीत मासे मरतात.

त्यामुळे घटनेची वेळ टिपून ठेवा. त्रास पहाटे असेल, पाणी हिरवे असेल आणि ऊन वर आल्यावर उरलेले मासे सावरत असतील तर शेवाळाचा वाटा मोठा समजावा. दिवसाच्या कोणत्याही वेळी, पाण्याचा रंग तपकिरी-काळपट होऊन आंबूस वास येत असताना, मासे एका ठिकाणापासून खाली क्रमाने मरत गेले असतील तर वरून काही तरी सोडले गेले असा निष्कर्ष निघतो. मळीसारख्या सेंद्रिय सांडपाण्याने जीवाणू इतके वाढतात की प्राणवायू दुपारीसुद्धा भरून येत नाही. तपासणीसाठी नमुना घ्यायचा तर सूर्य उगवण्यापूर्वीचा घ्यावा. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना शेवाळवाल्या पाण्यात हमखास चांगला निघतो आणि तक्रार तेथेच मिटते. हे मी थोड्या वैतागाने लिहीत आहे, कारण बहुतेक नमुने कार्यालयीन वेळेतच घेतले जातात.

पावसाळ्याच्या तोंडावर सर्व बरगे एकदम काढले की साचलेले काळे पाणी आणि गाळ खालच्या फुगवट्यात एकाच लोंढ्याने जातो. वरून आवर्तनाचे किंवा पावसाचे पुरेसे पाणी सुरू झाल्यावर, वरच्या बंधाऱ्यापासून खाली, थोडे थोडे बरगे काढले तर तो धक्का बराच सौम्य होतो. यासाठी वेगळा खर्च लागत नाही, फक्त बंधाऱ्याबंधाऱ्यांत एकमेकांशी बोलणे लागते.

प्रश्न : मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकतो. बंधाऱ्याच्या वरचे आणि खालचे प्लवक यांची तुलना कमी खर्चात कशी करावी? (कराड)

उत्तर : जाळी, बाटल्या आणि महाविद्यालयातला सूक्ष्मदर्शक एवढे पुरते. प्लवकजाळीसाठी बारीक विणीचे नायलॉन कापड शंकूसारखे शिवून त्याच्या टोकाला छोटी बाटली बांधावी. मोजून ५० लिटर पाणी बादलीने त्यातून गाळावे, म्हणजे तुलना करता येईल. नुसती जाळी ओढली तर किती पाणी गाळले गेले हे कळत नाही. जाळीतून निसटणाऱ्या बारीक शैवालांसाठी एक लिटर पाणी न गाळता वेगळे घ्यावे आणि त्यात लुगॉलचे आयोडीन चहाच्या रंगाइतके घालून दोन दिवस बसू द्यावे. प्राणिप्लवकांचा अर्धा नमुना जिवंत पाहण्यासाठी राखून ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये रोटिफर आक्रसून गोळा होतात आणि नवशिक्याला ते ओळखू येत नाहीत.

जिवंत नमुन्यात काय दिसेल ते सांगतो. रोटिफराच्या डोक्याशी केसांची दोन वर्तुळे असतात, ती फिरती चाके वाटतात आणि त्यांच्या भोवऱ्यात बारीक शैवाले ओढली जातात. पारदर्शक शरीरात जबडा सतत कुटताना दिसतो. जलपिसवेचे हृदय पाठीकडे धडधडत असते आणि मागच्या कोशात अंडी किंवा पिल्ले असतात. सायक्लॉप्स या कोपेपॉडाच्या मादीला शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या असतात, कपाळावर एकच डोळा असतो आणि ती झटक्याझटक्याने उडी मारते. डायाटम पाहताना नुसते मोजू नका, आकार पाहा. फुगवट्यात गोल किंवा साखळीने राहणारे तरंगते प्रकार अधिक मिळतील. बंधाऱ्याखालच्या वाहत्या पाण्यात लांबट, होडीसारखे प्रकार मिळतील, ते दगडांवर वाढून प्रवाहाने सुटलेले असतात आणि खरे पाहता तरंगणारे नव्हेत. ही वेगळी नोंद अनेक प्रकल्प-अहवालांत राहून जाते.

पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची जुनी ताटली घेऊन तिचे चार भाग आळीपाळीने काळे-पांढरे रंगवावेत आणि खाली वजन लावून दोरीने सोडावी. ती दिसेनाशी होते ती खोली टिपावी. अँजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये सुरू केलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. नमुने बरगे घालण्यापूर्वी, घातल्यानंतर आणि काढल्यानंतर, दर वेळी एकाच तासाला घ्यावेत. पुलावरून किंवा होडीतून नमुना घेताना एकटे जाऊ नये.

प्रश्न : कोयनेचे पाणी पोफळीमार्गे कोकणात जाते. धरणांचा परिणाम समुद्रातल्या प्लवकांवरही होतो काय? (पाटण)

उत्तर : होतो, आणि त्याचे गाजलेले उदाहरण नाईल नदीचे आहे. आस्वानचे मोठे धरण होण्यापूर्वी नाईलच्या पुराबरोबर दरवर्षी खनिजे भूमध्य समुद्रात जात आणि त्रिभुज प्रदेशासमोर डायाटमांचा मोठा बहर येई. त्यावर पोसला जाणारा सार्डिन मासा १९६२ मध्ये सुमारे १८,००० टन पकडला गेला होता; १९६४ पासून पूर अडू लागला आणि १९६८ मध्ये हा आकडा हजार टनांच्याही खाली आला. १९८० च्या दशकापासून मासेमारी पुन्हा वाढली, पण ती इजिप्तच्या शेतांतील खत आणि शहरांतील सांडपाणी समुद्रात गेल्यामुळे, असे मानले जाते. प्लवकांना खाद्य कोठून आले याच्याशी कर्तव्य नसते. प्रमाण बदलले की जाती मात्र बदलतात. जलाशयात डायाटम वाढून तळाशी बसतात तेव्हा त्यांच्या कवचांबरोबर सिलिकाही तेथेच अडकते आणि खालच्या पाण्यात नत्र-स्फुरदाच्या तुलनेत ती कमी पडते. मग सिलिकेची गरज नसलेले प्लवक पुढे सरसावतात.

कोयनेचे प्रकरण उलट आहे. कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीत, म्हणजे अरबी समुद्रात जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी धरले होते. वाशिष्ठीत कोरड्या महिन्यांतही त्यामुळे गोडे पाणी वाहते राहते. जलाशयातले गोड्या पाण्याचे प्लवक खाडीच्या खाऱ्या पाण्यात पोहोचले की मरतात आणि तेथल्या जिवांचे खाद्य होतात. खाडीचे खारेपण ऋतूप्रमाणे न बदलता वीजनिर्मितीप्रमाणे बदलते, हा त्याहून महत्त्वाचा फरक होय.

प्रश्न : उपसा योजनेचे कृष्णेचे पाणी आता आमच्या तलावात येते. लहानपणी आमच्याकडे पायऱ्यांच्या विहिरींमुळे नारू व्हायचा आणि तो पाण्यातल्या किड्यांतून येतो असे सांगत. नदीच्या पाण्याबरोबर ते किडे आणि तो रोग पुन्हा येईल का? (ता. आटपाडी)

उत्तर : किडे येतील, रोग येणार नाही. ते किडे म्हणजे वर उल्लेखिलेले सायक्लॉप्स. पंप आणि कालव्यातून त्यांतले पुष्कळ जिवंत पार होतात. खरे तर त्यांना नदीतून यायचीही आवश्यकता नाही. कोरड्या तलावाच्या गाळात जलपिसवा व रोटिफर यांची विश्रांत अवस्थेतली अंडी कित्येक वर्षे पडून असतात आणि काही जातींचे कोपेपॉड स्वतःच गाळात सुप्त राहतात. पाणी पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत तलाव त्यांनी भरू लागतो, म्हणून दुष्काळी भागातला तलाव पहिल्याच भरण्यात इतका सजीव दिसतो.

नारू होण्यासाठी सायक्लॉप्सच्या पोटात नारूच्या कृमीची अळी असावी लागते आणि ती तेथे जाण्यासाठी पायातून कृमी बाहेर पडत असलेल्या रोग्याने पाण्यात पाय बुडवावा लागतो. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. रोगीच उरला नसल्याने आपल्या तलावातले सायक्लॉप्स आता निरुपद्रवी आहेत आणि तलावात मासे सोडले असतील तर ते त्यांचे उत्तम खाद्य आहेत. पिण्यासाठी घ्यायचे पाणी मात्र गाळून आणि निर्जंतुक करूनच घ्यावे, ते अन्य रोगांच्या भीतीने.